बारा मोटांच्या विहिरीपासून नीरा-भीमेच्या संगमापर्यंत : ड्रोन घेऊन केलेली भटकंती

ड्रोन हाती आला की महाराष्ट्रातल्या माणसाच्या मनात पहिला विचार किल्ल्याचा येतो, आणि तो स्वाभाविकच आहे. मात्र जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या इतिहासातले जे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यांतले ११ आपल्या राज्यात आहेत आणि ते केंद्राच्या किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहेत. तिथे हौसेखातर ड्रोन उडवायचा तरी संबंधित विभागाची लेखी परवानगी लागते. अभयारण्यात आणि व्याघ्र प्रकल्पात वनखात्याची परवानगी लागते. हे नियम मला जाचक वाटत नाहीत. उलट, त्यांच्यामुळेच माझे लक्ष किल्ल्यांवरून जुन्या विहिरी, नदीवरचे घाट, संगम आणि धरणाच्या पाण्यात गेलेली गावे यांच्याकडे वळले. या जागांचा आकार जमिनीवर उभे राहून कधीच पुरता कळत नाही, आणि त्यांचे खरे राखणदार कचेरीपेक्षा गावात भेटतात. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भाच्याला बरोबर घेऊन वाई-सातारा ते इंदापूर अशी भटकंती केली, तिचा हा वृत्तांत.

निघण्यापूर्वीच्या तयारीबद्दल थोडेसे. आमचा ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला, म्हणजे २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार ‘नॅनो’ वर्गातला आहे. या वर्गाला, तसेच २ किलोपर्यंतच्या ‘मायक्रो’ ड्रोनला हौशी वापरासाठी, रिमोट पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. परंतु कुठे उडवायचा याचे बंधन सर्वांनाच आहे. ‘डिजिटल स्काय’ या केंद्र सरकारच्या ड्रोनविषयक संकेतस्थळाच्या नकाशावर हिरव्या क्षेत्रात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, वेगळी परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते, ८ किलोमीटरच्या आत हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाला विचारावे लागते, आणि लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचे नसते. नकाशा बदलत राहतो, म्हणून तो उड्डाणाच्या दिवशी सकाळी पुन्हा पाहावा. शिवाय पोलीस प्रशासन अनेकदा ठराविक काळासाठी ड्रोनबंदीचे आदेश काढते, आणि ते नकाशावर दिसतीलच असे नाही. त्यामुळे जवळच्या पोलीस ठाण्यात फोन करून विचारणे आणि ग्रामपंचायतीला कळवणे ही दोन कामे आम्ही प्रत्येक मुक्कामी आधी उरकली.

शुक्रवार : लिंब

साताऱ्याच्या उत्तरेला, महामार्ग सोडून थोडे आत गेले की लिंब गाव लागते, आणि त्याच्या शेरेवाडीत उसाच्या शेतांमधून जाणाऱ्या वाटेवर बारा मोटांची विहीर आहे. शाहू महाराजांच्या काळात, इ. स. १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी ती आमराईला पाणी देण्यासाठी बांधली. तिच्यावर एकाच वेळी बारा मोटा चालत, म्हणून हे नाव पडले. मुख्य विहीर अष्टकोनी आहे, तिला जोडून पायऱ्या उतरत जाणारी चौकोनी बाजू आहे, आणि या दोहोंच्या मधल्या पुलावर चक्क एक लहानसा महाल बांधलेला आहे. खोली सुमारे ११० फूट आणि व्यास सुमारे ५० फूट. पायऱ्यांवरून उतरताना कमानी दिसतात, भिंतीवर कोरलेले हत्ती-वाघ दिसतात, महालातला गारवा अंगाला लागतो, परंतु अख्खी विहीर मात्र कुठूनच दिसत नाही.

मे महिना आम्ही मुद्दाम निवडला होता. साताऱ्याच्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. त्यांतली दुसरी वेळ पावसाळी ढगांत हरवते, पहिली मात्र मेच्या दुसऱ्या आठवड्यात, शून्य सावलीच्या दिवसाच्या सुमारास, स्वच्छ आकाशात सापडते. एरवी विहिरीची एक भिंत उजळलेली असते आणि दुसरी काळोखात असते; या दिवसांत दुपारी साडेबाराच्या सुमारास ऊन थेट पाण्यापर्यंत पोचते आणि आठही बाजूंचे दगड सारखे उजळतात.

साडेअकराला पोचलो तेव्हा विहिरीपाशी एक शाळकरी सहल होती, म्हणून आम्ही बाहेरच्या झाडाखाली थांबलो. माणसांच्या डोक्यावरून ड्रोन न्यायचा नाही, मग ती माणसे कितीही हौसेने ‘उडवा की’ म्हणत असली तरी, हा आमचा नेहमीचा शिरस्ता आहे. मुले गेल्यावर शेजारच्या शेतातले एक आजोबा चौकशीला आले. ग्रामपंचायतीत बोलणे झाले आहे हे ऐकल्यावर त्यांनी पहिली सूचना केली ती कबुतरांची. “आत सोडू नका ते यंत्र. एक पारवा उठला की समदी उठत्यात, आन् मग तुमचं कुठं आन् त्यांचं कुठं.” ती सूचना दुहेरी मोलाची ठरली, कारण विहिरीच्या आत उतरताना उपग्रहांचे सिग्नलही तुटू शकतात आणि चारी बाजूंनी दगड असताना ड्रोनला स्वतःची जागा धरून ठेवणे अवघड जाते. आम्ही काठाच्या खाली गेलोच नाही.

ड्रोन ४५ मीटरवर नेऊन कॅमेरा सरळ खाली वळवला, आणि पडद्यावर शिवपिंडीचा आकार उमटला. अष्टकोन, त्याला जोडलेली शाळुंकेसारखी लांबट बाजू आणि मधोमध महालाचे छप्पर. हा आकार पुस्तकांतून वाचलेला होता, तरीही तो दगडात, एका नजरेत, भोवतीच्या हिरव्या उसात बसवलेला पाहताना आम्ही दोघेही गप्प झालो. एक गोष्ट मात्र ध्यानात आली नव्हती. सूर्य डोक्यावर आणि कॅमेरा सरळ खाली असल्यामुळे पाण्यात सूर्याचे प्रतिबिंब नेमके चित्राच्या मध्यभागी येऊन डोळे दिपवत होते. ड्रोन आठ-दहा मीटर बाजूला सरकवला आणि कॅमेरा किंचित तिरपा केला तेव्हा ती तिरीप पाण्यावरून दगडावर गेली आणि तळातले पाणी शेवाळी हिरवे दिसू लागले. बारव किंवा विहीर टिपणाऱ्याने ही युक्ती जरूर लक्षात ठेवावी.

आजोबांना पडदा दाखवला. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “खालनं बघितलं की पाणी दिसतं. विहीर अशी वरनंच दिसती म्हना की.” दुपारचे जेवण त्यांच्याच पुतण्याच्या खानावळीत झाले. पिठले, ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि कैरीचे पन्हे असा साधा बेत होता, आणि त्या उन्हानंतर त्याची गोडी शब्दांत सांगण्याजोगी नाही.

संध्याकाळी वाईला पोचलो. वाईचे घाट आणि १७६२ मधले ढोल्या गणपतीचे देऊळ वरून किती सुंदर दिसेल याची कल्पना कोणीही करू शकतो, परंतु तिथे दिवसभर माणसांची वर्दळ असते आणि काठाला लागूनच दाट वस्ती आहे. आम्ही ड्रोन पिशवीतच ठेवला आणि घाटाच्या पायऱ्यांवर अंधार पडेपर्यंत बसून राहिलो.

शनिवार : मेणवली आणि धोमचे पाणी

मेणवली वाईपासून जेमतेम तीन किलोमीटर आहे. नाना फडणविसांचा सहा चौकी वाडा, त्यामागे कृष्णेवरचा चंद्रकोरीच्या आकाराचा घाट, घाटावर मेणेश्वराचे आणि विष्णूचे देऊळ, आणि लहानशा घुमटीत टांगलेली एक प्रचंड घंटा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिथल्या पोर्तुगीज चर्चमधून आणलेल्या घंटांपैकी ही एक. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. हात फिरवला की ती बोटांना स्पष्ट लागते.

सकाळी सहालाच घाटावर पोचलो, कारण कोरीव पायऱ्यांना तिरपे ऊन लागते. समोरून येणाऱ्या कोवळ्या उन्हात प्रत्येक पायरीची सावली पुढच्या पायरीवर पडते आणि चंद्रकोरीची वळणे एकेक करून मोजता येतात. परंतु त्याच वेळी घाटावर बायका कपडे धुवायला आलेल्या असतात. त्यांच्या अंगावरून कॅमेरा फिरवणे हे कोणत्याही नियमात लिहिलेले नसले तरी अयोग्यच आहे. आम्ही जाऊन विचारले तेव्हा त्यांच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, “अर्ध्या तासात आमचं आवरतंय, मग काय करायचं ते करा.” तो अर्धा तास पायऱ्यांवर बसून काढला, आणि तेवढ्यात आणखी एक महत्त्वाची गोष्ट कळली. नदीकाठच्या मोठ्या वडावर आग्या मोहोळाची पोळी होती. खालून ती फांदीच्या सावलीत लपलेली होती. मावशींनी बोट दाखवले नसते तर आम्हाला दिसलीही नसती. ड्रोनच्या पात्यांचा आवाज आणि वारा यांनी आग्या मोहोळ उठले तर घाटावरच्या प्रत्येकाच्या जिवाशी खेळ होतो. जुन्या वाड्यांच्या कमानी, देवळांचे कळस, पाण्याच्या टाक्या आणि मोठी झाडे उड्डाणापूर्वी दुर्बिणीने नीट पाहून घ्यावीत. आम्ही पलीकडच्या काठावर गेलो आणि झाडापासून पुरेसे अंतर राखून तिथूनच ड्रोन उडवला.

पलीकडच्या काठावरून ४० मीटर उंचीवर जे दृश्य मिळाले, ते घाटावरून उडवून मिळाले नसते. खाली नदी, मध्ये दगडी चंद्रकोर, वर देवळांची शिखरे आणि मागे वाड्याची लांबच लांब कौलारू छपरे एका चौकटीत आली. वाडा खासगी मालकीचा आहे, म्हणून त्याच्या चौकांवरून ड्रोन नेला नाही. छपरांचा तिरपा देखावाही तितकाच बोलका आहे.

ड्रोन उतरवल्यावर मावशी पडदा पाहायला आल्या, आणि पाठोपाठ त्यांचे यजमानही आले. त्यांनी देवळे, घंटा, वाडा यांच्याकडे फारसे पाहिले नाही. त्यांनी विचारले, “आमच्या घराचं छप्पर दावता का? पावसाच्या आधी शाकारायचंय, वर चढणारा माणूस गावंना.” घर गावाच्या कडेला होते. घरच्यांनीच सांगितल्यावर ड्रोन छपराच्या वर १५ मीटरवर नेला. आढ्याजवळची पाच-सहा कौले घसरून खाली आली होती आणि एका जागी मांजराच्या वाटेने फटच पडली होती. यजमानांनी पडद्यावर बोट ठेवून नेमक्या जागा मोजल्या, परसदारापासून कितव्या वाशावर ते ठरवले आणि मग समाधानाने चहाला बोलावले. चहाबरोबर त्यांच्या झाडाचे रायवळ आंबे मिळाले, तेही पोटभर.

दुपारनंतर धोम धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने पश्चिमेला, कमळगडाच्या पायथ्याच्या नांदगण्याकडे गेलो. धरणाच्या भिंतीजवळ ड्रोन उडवायचा नाही. धरणे संवेदनशील मानली जातात आणि तिथे छायाचित्रणालाही मनाई असते. भिंतीपासून दूर, जलाशयाच्या वरच्या टोकाला, एका शेतकऱ्याच्या मोकळ्या वावरातून उड्डाण केले. आम्ही किल्ल्यावर गेलो नाही. किल्ला नीट पाहायचा असेल तर तो समोरून पाहावा, असे माझे आता पक्के मत झाले आहे. माथ्यावर घिरट्या घालणाऱ्या ड्रोनला तटबंदीचे तुकडे दिसतात, तर दरीतून वर आलेल्या ड्रोनला डोंगराची सोंड, खिंड, पायथ्याचे गाव आणि पाणी यांचा परस्परसंबंध दिसतो, आणि तो किल्ला नेमका तिथेच का बांधला हे उमगते.

डोंगराळ भागात उंचीचा हिशोब मात्र नीट समजून घ्यावा लागतो. पडद्यावरचा आकडा ड्रोन जिथून उडाला त्या जागेपासूनची उंची दाखवतो. समोर जमीन चढत गेली की प्रत्यक्षातले अंतर झपाट्याने कमी होते, आणि आपोआप परत येण्याची उंची वाटेतल्या झाडा-टेकाडापेक्षा कमी ठेवली असेल तर परतताना ड्रोन थेट डोंगरावर जाऊ शकतो. उतारावर उडवताना परतीची उंची सर्वांत उंच अडथळ्यापेक्षा किमान २० मीटर जास्त ठेवावी.

मे महिन्यात जलाशय बराच उतरलेला असतो. वरून पाहिले तर उघड्या पडलेल्या तांबूस मातीत जुन्या शेतांचे बांध आणि एक बैलगाडीची वाट पाण्यात शिरताना दिसत होती. आम्ही ती वाट पाहण्यात गुंग असताना भाचा म्हणाला, “मामा, पूर्वेकडे बघा.” पाचगणीच्या बाजूला काळे आभाळ चढत होते. खाली पानही हलत नव्हते, पण ७० मीटरवर ड्रोन जागा धरण्यासाठी तिरका होऊ लागला होता. वळवाच्या पावसाचा वारा जमिनीवर पोचण्याआधी वर पोचतो. लगेच उतरवला, पिशवीत घातला, आणि दहा मिनिटांत अशी वावटळ आली की शेतकऱ्याच्या गोठ्यावरचा पत्रा खडखडू लागला. पाठोपाठ टपोरा पाऊस आणि बोराएवढ्या गारा पडल्या. तो सगळा वेळ आम्ही त्यांच्या ओसरीवर बसून करवंदे खाल्ली. काकूंनी नाचणीची भाकरी आणि लसणाची चटणी वाढली, आणि रात्रीचा मुक्कामही तिथेच करायला लावला.

रविवार : पळसदेव

सकाळी निघून फलटणमार्गे इंदापूर तालुक्यात उतरलो. डोंगरातून माणदेशाच्या कडेने खाली येताना ऊन असे वाढत गेले की दुपारी गाडीबाहेर हात धरवत नव्हता. उन्हाळ्यात ड्रोन नेणाऱ्यांनी बॅटऱ्या बंद गाडीत कधीही ठेवू नयेत. आम्ही त्या सुती कापडात गुंडाळून, पाण्याच्या जारापासून वेगळ्या, पायाशी सावलीत ठेवल्या होत्या. मोबाइलचा पडदा तापून बंद पडणे हाही नेहमीचा धोका आहे, आणि तो ड्रोन हवेत असतानाच होतो. म्हणून अकरा ते चार उडवायचेच नाही असे ठरवले. फलटणला उसाचा रस पिऊन सावलीत वेळ काढला.

पळसदेव हे पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण आणि इंदापूर यांच्या मधले गाव. जुने पळसदेव भीमेच्या काठी होते. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि गाव पाण्यात गेले. पळसनाथाची पिंड नव्या गावात आणली गेली, पण जुने देऊळ तिथेच राहिले. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृत साठा, म्हणजे एरवी वापरात न धरलेले तळाचे पाणी. उन्हाळ्यात इथली माणसे “धरण मायनसमध्ये गेलं” असे म्हणतात, तेव्हा पाणी या मृत साठ्याच्याही खाली उतरलेले असते, आणि मग पळसनाथाचे शिखर, मंडप, ओवऱ्या एकेक करून वर येऊ लागतात.

नव्या गावात विचारणा करताना एक वेगळाच अनुभव आला. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे, सोलापूर आणि आसपासच्या ग्रामीण भागात रात्री ड्रोन फिरतात आणि चोऱ्या होतात अशा अफवांनी लोक रात्र-रात्र जागले होते. त्याची धग अजून पुरती विझलेली नाही. पारावरच्या एका तरुणाने आमच्या पिशवीकडे पाहून पहिलाच प्रश्न केला, “राती बी उडवता का?” त्याला सगळे समजावून सांगितले, उड्डाणाची वेळ सांगितली आणि त्यालाच बरोबर चलायला सांगितले. तो आला, आणि येताना आपल्या चुलत्यांनाही घेऊन आला. पुढचे सगळे सोपे झाले ते या दोघांमुळे.

उतरलेल्या पाण्यामागे लोकांनी गाळपेर केली होती. भेगाळलेल्या काळ्या मातीतून, कोवळ्या मक्याच्या पट्ट्यांच्या कडेने, आम्ही पाण्यापर्यंत चालत गेलो. साडेपाचला ऊन कलल्यावर ड्रोन उडवला. देवळाभोवती अजून गुडघाभर पाणी होते. विटांचे उंच शिखर त्यातून सरळ वर आले होते आणि मंडपाच्या दगडांवर चिखलाच्या थरांनी पाण्याच्या पातळीच्या रेषा ओढलेल्या होत्या. देवळाच्या भिंतीपासून २० मीटर दूर राहून एक फेरी घेतली. मग ८० मीटरवर जाऊन कॅमेरा खाली केला, आणि जे दिसले त्याची आम्हाला मुळीच कल्पना नव्हती. देवळापासून किनाऱ्यापर्यंत, उथळ पाण्याखाली आणि ओल्या गाळात, घरांचे पाये पुसट होत गेलेल्या रांगोळीच्या ठिपक्यांसारखे रांगेने पसरले होते. जमिनीवरून तिथे दगडांचे ढीग सोडून काहीच कळत नव्हते.

त्या तरुणाचे चुलते साठी ओलांडलेले. गाव उठले तेव्हा ते शाळेत होते. त्यांनी पडदा दोन्ही हातांनी धरला, उन्हाकडे पाठ केली आणि वाचायला सुरुवात केली. “हा बाजाराचा रस्ता. ही वेस. ही सुताराची आळी. इथनं उजवीकडं… थांबा, थोडं पुढं घ्या.” ते सांगतील तसा भाचा ड्रोन सरकवत होता. एका चौकोनापाशी त्यांनी थांबवले. जोत्याचे चार दगड आणि बाजूला गोल आड, एवढेच दिसत होते. “हे आमचं,” ते म्हणाले, आणि पुतण्याला जवळ ओढून तो आड कुठे, आजीची चूल कुठे, गुरे कुठे बांधत ते पडद्यावर दाखवू लागले. ऐतिहासिक जागा म्हटले की आपण यादवकाळ किंवा पेशवाई शोधतो, पण ज्या माणसांच्या डोळ्यांदेखत इतिहास घडला ती हयात आहेत, तोवर अशी गावे वरून टिपून त्यांना दाखवणे हे मला या छंदाचे सर्वांत मोलाचे काम वाटते. आम्ही उरलेल्या दोन बॅटऱ्या अख्ख्या त्या आळ्यांवर खर्च केल्या आणि तुकड्या-तुकड्याने जुन्या गावाची छायाचित्रे घेतली, म्हणजे पुढे ती जोडून नकाशा करता येईल.

रात्री भिगवणच्या बाजूला चिलापी आणि भाकरी जेवलो. उजनीच्या काठी येऊन चिलापी न खाता जाणे हे इथल्या माणसांना पटत नाही, आणि तळलेल्या ताज्या माशाचा पहिला घास घेतल्यावर ते आम्हालाही पटले.

सोमवार : पहाटेचे पाणी आणि नरसिंहपूर

पहाटे एका मासेमार दादांच्या होडीतून देवळाच्या पलीकडच्या बाजूला गेलो. होडीतून उड्डाण केले नाही, कारण हलत्या जागेवरून उडालेला ड्रोन ‘घर’ म्हणून जी जागा लक्षात ठेवतो, ती होडी सरकल्यावर नुसते पाणी उरते. एका कोरड्या उंचवट्यावर उतरायचे ठरले होते, पण दादांनी तो उंचवटा दुरूनच टाळला. तिथे नदी सुरयांची घरटी होती. वाळूत उघड्यावर घातलेली ठिपकेदार अंडी पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत, आणि ड्रोनच्या आवाजाने पक्षी उठले तर उन्हात ती भाजून निघतात. उजनीवर मार्च ते मे या काळात बेटांवर उतरू नये, आणि रोहित पक्ष्यांच्या थव्यांवर तर ड्रोन कधीच नेऊ नये. आम्ही पुढच्या एका खडकाळ टोकावर उतरलो.

पाण्यावर खूप खालून उडवण्याचा मोह होतो. परंतु ड्रोनच्या पोटाशी असलेले सेन्सर पाण्याच्या हलत्या, चकाकत्या पृष्ठभागावर फसतात आणि ड्रोन नकळत खाली सरकतो. पाच मीटरच्या खाली न जाणे शहाणपणाचे आहे. सूर्य वर आला तेव्हा शिखराची लांब सावली पाण्यावरून थेट आमच्याकडे पसरली होती आणि आम्ही ती टिपत होतो, तेवढ्यात विमानाची घरघर ऐकू आली. बारामतीच्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिकांची लहान विमाने उडतात आणि ती या जलाशयाच्या बाजूलाही येतात. नकाशावर आमची जागा हिरवी होती, ड्रोन ६० मीटरवर होता, आणि विमान खूप वर होते. तरीही माणूस बसलेल्या विमानाला वाट द्यायची हा पहिला नियम आहे. भाच्याने डोळे विमानावर ठेवले, मी ड्रोन उतरवला, आणि आवाज पुरता विरल्यावरच पुन्हा उडवला. एकाने पडदा पाहायचा आणि दुसऱ्याने फक्त आकाश पाहायचे, ही वाटणी आम्ही कधीच मोडत नाही.

तिथून इंदापूर तालुक्याच्या अगदी टोकाला, नीरा नरसिंहपूरला गेलो. नीरा आणि भीमा इथे एकत्र येतात. नृसिंहाचे देऊळ भक्कम दगडी तटासारख्या बांधकामावर उंच बसवलेले आहे आणि तिथून रुंद पायऱ्या नदीपर्यंत उतरतात. पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांनी त्याची उभारणी केली. नृसिंह जयंतीची यात्रा नुकतीच होऊन गेल्यामुळे गाव विसावलेले होते. देवळाच्या कार्यालयात जाऊन विचारले, तेव्हा तिथल्या गुरुजींनी दोन अटी घातल्या. शिखराच्या वरून ड्रोन जाता कामा नये, आणि नैवेद्य होईपर्यंत आवाज नको. दोन्ही अटी रास्त होत्या. नैवेद्य होईपर्यंत सभामंडपात बसलो आणि प्रसादाचा भात खाऊन नदीच्या वाळूत उतरलो.

संगम ही जमिनीवरून सर्वांत कमी कळणारी गोष्ट आहे. पायऱ्यांवरून पाहिले तर एकच रुंद पात्र दिसते. ८० मीटरवरून मात्र दोन नद्या स्पष्ट वेगळ्या झाल्या. उजनीतून नुकतेच पाणी सोडलेले असल्यामुळे भीमा काठोकाठ नसली तरी वाहती, हिरवट होती, आणि नीरा म्हणजे वाळूची पांढरी पट्टी व तिच्यात अधूनमधून अडकलेली डबकी. जिथे त्या मिळतात तिथे भीमेचे पाणी नीरेच्या कोरड्या पात्रात उलटे काही अंतर शिरले होते. गुरुजींना हे दाखवल्यावर ते म्हणाले की पुराच्या दिवसांत याच्या उलटही होते, नीरा जोरात येते आणि भीमेला मागे लोटते, तेव्हा पाणी पायऱ्या चढत देवळाच्या तटाला लागते. दोन्ही नद्या भरलेल्या असताना हेच चित्र त्याच उंचीवरून, त्याच जागेवरून घ्यायचे असे तिथेच ठरले. त्यासाठी उड्डाणाची जागा, उंची आणि कॅमेऱ्याची दिशा वहीत लिहून घेतली, कारण दोन ऋतूंची तुलना करायची तर चौकट तंतोतंत जुळावी लागते. आमचा ड्रोन पावसात चालत नाही, त्यामुळे भर पावसाळ्यात येण्यात अर्थ नाही. परतीचा पाऊस उघडीप देतो तेव्हा, पात्रे भरलेली असतानाच, गुरुजी फोन करतील आणि आम्ही निघू. पळसदेवच्या जुन्या आळ्यांची छायाचित्रे जोडण्याचे काम भाच्याने हाती घेतले आहे. ती पूर्ण झाली की मोठ्या कागदावर छापून घेऊन, चुलत्यांनी सांगितलेली नावे त्यावर लिहून, त्याच फेरीत पळसदेवच्या पारावर पोचवायची आहेत.